ठेव

दशलक्षण पर्वात आमच्या बस्तीत रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय होतो. सातवा अध्याय व्रतांचा. त्यात सत्याणुव्रताचे पाच अतिचार येतात आणि दरवर्षी मी तिथे अडखळायची. खोटा उपदेश करणे, दुसऱ्याचे एकांतातले बाहेर सांगणे, खोटा लेख लिहिणे, चेहऱ्यावरून ओळखलेले गुपित फोडणे, हे चार कळतात. पण त्यांच्यातच एक न्यासापहार आहे, म्हणजे ठेव बुडवणे. ही तर सरळ चोरी. मग ती अचौर्यात न घालता सत्यात का घातली?

पूज्यपादाचार्यांनी सर्वार्थसिद्धीत याचे उत्तर दिले आहे. ठेव ठेवणारा आकडा विसरला आणि त्याने कमी मागितले. आपण म्हणालो, "हो, तेवढीच होती." बस्स, हाच न्यासापहार. आपण कुणाची तिजोरी फोडली नाही, नुसते 'हो' म्हणालो. पाप त्या 'हो'चे आहे, म्हणून ते सत्याच्या खात्यात.

हे वाचताना मला नेहमी टोबायस लिअर आठवतो. बी.ए.ला माझा इतिहास होता, त्या वाचनातला हा माणूस. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा हा चिटणीस. 1786 साली तो त्यांच्याकडे आला. पत्रे लिहायची, हिशेब ठेवायचे, घरातल्या नातवंडांना शिकवायचे, अशी सगळी कामे करता करता तो घरचाच झाला. 1797 मध्ये वॉशिंग्टन पद सोडून माउंट व्हर्ननच्या आपल्या शेतीवाडीवर परतले. माणूस निवृत्त झाला, पण टपाल काही निवृत्त होत नाही. देशभरातून पत्रे यायची, प्रत्येकाला उत्तर आणि प्रत्येक उत्तराची स्थळप्रत. पुढच्याच वर्षी लिअर पुन्हा त्यांच्या कामावर आला. 14 डिसेंबर 1799 ला वॉशिंग्टन घशाच्या दुखण्याने गेले, तेव्हा तो उशाशी होता. श्वास घेणे कठीण झालेले असतानाही त्यांनी त्याला सांगितले, माझी लष्करी पत्रे आणि हिशेब नीट लाव, त्यातले तुझ्याइतके कुणाला ठाऊक नाही.

कागदपत्रे मृत्युपत्राने पुतण्याला, बुशरॉडला गेली. पण काही काळ ती होती लिअरच्याच हाताखाली. जानेवारी 1800 मध्ये त्याने अलेक्झांडर हॅमिल्टनला लिहिले, की यातले बरेच कागद कुणाच्या नजरेला न पडलेले बरे. पुढे जॉन मार्शल चरित्र लिहायला बसले, तेव्हा रोजनिशीचे काही भाग मिळाले नाहीत. जेफरसनशी झालेल्या पत्रव्यवहारातलीही काही पत्रे नव्हती असे म्हणतात. जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाले आणि 1801 मध्येच लिअरला परदेशी वकिलातीची जागा मिळाली. लोकांनी दोन्हीची सांगड घातली. लिअरने आरोप नाकारला आणि तो कधी सिद्धही झाला नाही. पुराव्याशिवाय मीही त्याला चोर म्हणणार नाही. तसे म्हटले तर माझाच सत्याचा अतिचार व्हायचा.

पण प्रश्न उरतोच. समजा, त्याने खरेच काही पाने बाजूला काढली, आणि तीही धन्याचे नाव राखायला. मग? गुपित फोडणे पाप, ते झाकले तर पुण्य नव्हे का?

इथे मला मार्था वॉशिंग्टन आठवते. नवऱ्याची आणि आपली पत्रे तिने जाळून टाकली. अगदी मोजकी उरली. अभ्यासक हळहळतात, पण मला तिचा राग येत नाही. ती पत्रे तिची होती. लिअरकडे होती ती ठेव. ती चव्हाट्यावर न मांडणे हा त्याचा धर्मच, पण वारसाच्या हाती देताना आकडा पुरा हवा. तोंड बंद ठेवायचा हक्क ठेव सांभाळणाऱ्याला आहे, ठेव कमी करायचा नाही.

हे मी इतक्या ठामपणे म्हणते, कारण मी ती कमी केली आहे.

काचबिंदूने मामंजींची नजर गेली तेव्हापासून त्यांची पत्रे मीच वाचायची, उत्तरे मीच लिहायची. एकदा त्यांच्या थोरल्या भावाचे पत्र आले. पीकपाणी, पोरांची लग्ने, आणि शेवटी दोन ओळी, "आईचे दागिने तुझ्याकडे राहिले. त्याचं काय ते एकदा सांग." मामंजींचे हृदय नाजूक होते. त्या दोन ओळी मी गाळल्या. "आणखी काय लिहिलंय गं?" त्यांनी विचारले. मी म्हणाले, "एवढंच, मामंजी." मला वाटले, घरात शांतता राखली.

थोरले उत्तराची वाट बघत राहिले. मग पत्रे थांबली, येणेजाणे थांबले. मामंजी म्हणायचे, "दादा का रुसला कळत नाही." मी गप्प. मामंजी गेल्यावर थोरले आले, ते पाहुण्यासारखे बसून गेले.

त्या वर्षी क्षमावणीला मी त्यांच्या घरी गेले आणि सगळे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाचलं असतंस तर तो भांडला असता. पण पोरी, भांडायला तरी आला असता."

त्यांनी मला क्षमा केली. मामंजींकडे मागायची राहिली ती राहिलीच.

बायांनो, घरात निरोप पोहोचवणाऱ्या बहुतेकदा आपणच असतो. नणंदेचे सासूला, लेकाचे बापाला. कडू शब्द आपण वगळतो, वर साखर पेरतो आणि त्याला शहाणपण म्हणतो. कठोर शब्द मऊ आवाजात सांगता येतो, दुपारच्याऐवजी संध्याकाळी सांगता येतो. पण तो ज्याचा आहे त्याला पोहोचवावा. आता सासूबाईंना मोबाइलवर आलेले निरोप मी वाचून दाखवते. "आणखी काय म्हणते?" असे त्यांनी विचारले, की मी क्षणभर थांबते, आणि उरलेलेही वाचते.