वजनाच्या काट्यापलीकडे

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत भीमा, घोड व मुळा-मुठा यांच्या पाण्यावर उसाची जी शेती वाढली, आणि जिच्या बळावर न्हावऱ्याचा घोडगंगा व पाटसचा भीमा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, तिचा सारा जमाखर्च काट्यावरच्या वजनाने लिहिला जातो: ऊस टनांत, साखर क्विंटलांत, उतारा टक्क्यांत. व्यवहाराच्या दृष्टीने हे रास्तच आहे. परंतु रसातील प्रत्येक रासायनिक घडामोड रेणूंच्या संख्येने होते, हे महत्त्वाचे तत्त्व विद्यार्थ्यापुढे येते ते केवळ भागाकार-गुणाकाराची एक कोरडी रीत म्हणून, याचे मला मनापासून दुःख होते.

रीत खरी आहे. साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू. त्यांच्या भारांची बेरीज ३४२. म्हणून ३४२ ग्रॅम साखर म्हणजे एक मोल. पाण्याचा मोल १८ ग्रॅमचा. वजनांत एकोणीसपट अंतर, पण रेणूंची संख्या दोन्हीकडे तीच, म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. समान आयतनाच्या वायूंत, उष्णतामान व दाब समान असता, रेणूही समान असतात, हा ॲव्होगाद्रोचा १८११ चा सिद्धांत विद्वानांनी जवळजवळ अर्धशतक बाजूस ठेवला. १८६० मध्ये कार्ल्सरूहे येथील परिषदेत कॅनिझारोने त्याची बाजू मांडली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पेरँने प्रयोगांनी ती संख्या निश्चित करीत आणली. पन्नास किलोच्या पोत्यात असे सुमारे १४६ मोल साखर असते.

या हिशेबाचे मोल कळते ते तोडलेल्या उसाच्या प्रसंगी. तोडणीनंतर ऊस गाळपाविना पडून राहिला, तर पाणी उडून त्याचे वजन घटते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. पण त्याच काळात आतील विकरांच्या व सूक्ष्म जीवांच्या क्रियेने साखरेचा एक रेणू पाण्याचा एक रेणू घेऊन दुभंगतो आणि त्यातून ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचा एकेक रेणू होतो. आता वजन पाहावे: ३४२ आणि १८ मिळून ३६०. म्हणजे गोड द्रव्याचे वजन उलट वाढले! तरीही दाणेदार साखर म्हणून जे हाती यावयाचे ते गेले. कारण ही नवी द्रव्ये साखरेसारखी स्फटिकरूप धरीत नाहीत, आणि उरलेल्या साखरेच्याही स्फटिकीभवनात अडथळा आणतात. तराजूने ज्याला वृद्धी म्हटले असते, त्याला रेणूंची गणना नुकसानीच्या खात्यावर टाकते. आणि या दोन वह्यांची रुजुवात करणारा कारकून म्हणजेच मोल.

रसात चुन्याचे दूध व गंधकाचा धूर सोडतानाही हेच. शुद्ध कळीचा चुना ५६ ग्रॅम असेल तर त्यास पुरा पडणारा गंधकाचा धूर ६४ ग्रॅम. समभार घेणारा फसतो, समसंख्य घेणाऱ्याचे जुळते. धूर फाजील झाला तर रस आम्ल होतो, आणि आम्ल तापल्या रसात तेच दुभंगणे पुन्हा सुरू होते.

म्हणून दौंडच्या किंवा शिरूरच्या वर्गात मोलचे पहिले उदाहरण द्यावयाचे असेल, तर ते याच उसावरून द्यावे, आणि विद्यार्थ्यास आधी विचारावे की एक किलो साखर अशी पूर्णपणे दुभंगली असता पाण्याचे किती ग्रॅम खर्ची पडतील. उत्तर सुमारे ५३ येते. पण ते मोलच्या वाटेने यावे, पाठ केलेल्या सूत्राने नव्हे.