साक्षात्कार की उन्माद?

बायपोलर आजारातल्या उन्मादावस्थेत ‘देव बोलला’, ‘कार्यासाठी निवड झाली’ अशी खात्री पुष्कळांना वाटते. लाट ओसरल्यावर प्रश्न उरतो: त्यातली श्रद्धा कोणती आणि भ्रम कोणता? हा वाद पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या जुन्या रीतीने नीट मांडता येतो.

पूर्वपक्ष विचारतो: तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला, नामदेवांनी पांडुरंगासह येऊन कवित्वाची आज्ञा केली. तो साक्षात्कार ठरला. तेच आज एखाद्या रुग्णाने सांगितले तर गोळ्या वाढतात. मग फरक अनुभवात आहे की मान्यता देणाऱ्यांच्या संख्येत?

उत्तरपक्षाला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. समाजात रूढ असलेली समजूत भ्रम धरू नये, ही मनोविकारशास्त्राची सूट वारकऱ्याला पुरते. एकट्या साधकाला ती पुरत नाही. संत बहिणाबाईंना तुकोबांचा उपदेश स्वप्नात झाला, तेव्हा त्यांच्या पतीलाच तो रुचला नव्हता. संख्येचा निकष तेवढ्यावरच मोडतो. मनोविकारतज्ज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९१३च्या ग्रंथात अनुभवाचा आशय (काय अनुभवले) आणि त्याचा आकार (ते कसे अनुभवले) वेगळे काढले. इथे उपयोगी पडतो तो आकारच. देव दिसला यावरून काहीच ठरत नाही. त्या आठवड्यात आणखी काय काय घडत होते, ते पाहावे लागते.

सर्वांत बोलकी खूण झोपेची. हरिजागर केलेला माणूस सकाळी पेंगतो. उन्मादात तीन तास झोपूनही ताजेतवाने वाटते आणि असे दिवसेंदिवस चालते. विचार धावतात, बसचा नंबर आणि रेडिओवरचे गाणेही आपल्यासाठीच आलेला निरोप वाटू लागतो. देवाचा आदेश आणि कर्ज काढून तीन फ्लॅट घेण्याची कल्पना एकाच रात्री, सारख्याच खात्रीने सुचते. शंकेला तिथे जागाच नसते. तुकोबांच्या गाथेत मात्र स्वतःवरचा संशय आणि स्वतःची झाडाझडती पानोपानी आहे.

पूर्वपक्ष मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सला पुढे करतो. १९०२मध्ये त्याने बजावले होते की अनुभवाचे मूळ शरीरात सापडले म्हणून त्याचे मोल ठरत नाही. ते फळांवरून ठरवावे. मग उन्मादातला अनुभवही खरा का नसावा? उत्तरपक्ष ही शक्यता नाकारत नाही. पण फळ धरायला वेळ लागतो आणि उन्मादाला उसंत नसते. म्हणून आदेश पाळण्याआधी झोप आणि औषध पूर्ववत करून काही आठवडे थांबावे. त्यानंतरही जे टिकेल त्याचा विचार करावा.

पण थांबायचे हे ठरवणार कोण? ज्या बुद्धीने निवाडा करायचा, तीच उन्मादाने व्यापलेली असते. म्हणून कसोटी बऱ्या दिवसांत ठरवून विश्वासातल्या माणसाकडे सोपवावी लागते. भारतात २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांबाबत आगाऊ निर्देश लिहिण्याचा आणि प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला आहे. यावर पूर्वपक्षाची शेवटची शंका अशी: कालच्या ‘मी’ने आजच्या ‘मी’ला का बांधावे? कायद्याचे उत्तर मर्यादित आहे. निर्णयक्षमता गेली असेल तेवढ्याच काळापुरता निर्देश लागू होतो. ती परतल्यावर लिहिणारा तो बदलू शकतो, रद्दही करू शकतो.