टोपलीत उरलेली अंडी

(मननासाठी शास्त्रभाग : २ राजे ४:१–७, योहान ६:१–१३)



गालील समुद्राच्या पलीकडे प्रभूने पाच भाकरी व दोन मासे घेऊन पाच हजार पुरुषांस जेऊ घातले, ही कथा आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु तिचा शेवट ऐकताना आपले लक्ष बहुधा सैल पडते. सर्व तृप्त झाल्यावर प्रभूने शिष्यांस उरलेले तुकडे वेचावयास लाविले, आणि त्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हातून पाच भाकरी हजारो जणांस पुरल्या, त्यास तुकड्यांची काय उणीव होती? उणीव मुळीच नव्हती. तथापि देवाच्या हातून आलेले अन्न आपली भूक भागल्यावरही देवाचेच राहते, हे शिष्यांनी जाणावे अशी त्याची इच्छा होती. भुकेल्या मनुष्यास भाकरीचे मोल सहज कळते. पोट भरल्यावर उरलेल्या भाकरीचे मोल ज्यास कळते तो खरा कारभारी होय.

ह्या वचनाचा विचार आज आम्ही एका लहानशा वस्तूच्या संबंधाने करू इच्छितो. ती वस्तू म्हणजे परसातील कोंबड्यांची, घरच्या गरजेहून अधिक झालेली अंडी. कोणी म्हणेल की उपदेशास हा विषय हलका आहे. परंतु ज्या प्रभूने चिमण्यांचा भाव, पिठातील खमीर व हरवलेले नाणे ह्यांवरून स्वर्गाच्या राज्याच्या गोष्टी शिकविल्या, त्यास हा विषय हलका वाटणार नाही.

पेण व रोहे ह्या तालुक्यांतील खेड्यांत भातशेती करणाऱ्या कुटुंबाच्या परसात चारसहा गावठी कोंबड्या असतात. गावठी कोंबडी वर्षास सुमारे ५० ते ६० अंडी घालते, तीही एकसारखी नव्हे. काही दिवस घालते, मग खुडूक बसते. म्हणून कधी टोपली रिकामी, तर कधी एकाच आठवड्यात दोन डझन अंडी जमा, असे होते. पुढे श्रावण येतो. आपले हिंदू शेजारी त्या महिन्यात अंडे वर्ज्य मानितात, बाजारात गिऱ्हाईक राहत नाही, पाऊस कोसळत असतो, आणि टोपलीतील अंडी तशीच राहतात. अशा वेळी बहुतेक घरांत तीनांपैकी एक गोष्ट घडते. दारी आलेल्या व्यापाऱ्यास मिळेल त्या भावाने ती दिली जातात. किंवा भाव चढेल ह्या आशेने ठेविली जाऊन नासतात. किंवा, आणि ही गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक दुःखाची वाटते, एकही अंडे घरच्या लेकराच्या ताटात न पडता सर्वच्या सर्व विकली जातात.

ह्या संबंधाने अलीशा संदेष्ट्याच्या काळच्या त्या विधवेकडे पाहा. तिच्या घरी तेलाच्या एका कुपीवाचून काही नव्हते, आणि सावकार तिच्या दोन मुलांस दास करून न्यावयास आला होता. देवाने तेल वाढविले. शेजाऱ्यांकडून मागून आणिलेली सर्व भांडी भरली. मग संदेष्ट्याने तिला त्या तेलाची व्यवस्था सांगितली : ते विकावे, ऋण फेडावे, आणि जे उरेल त्यावर तिने व तिच्या मुलांनी निर्वाह करावा. चमत्कार देवाने केला, परंतु त्यानंतरचा हिशेब त्या बाईच्या हाती दिला. आणि त्या हिशेबात मुलांचे नाव स्पष्ट होते.

तेव्हा पहिला वाटा घरच्या लेकरांचा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, आणि वाढत्या अंगास, गरोदर स्त्रीस व अशक्त वृद्धास त्यांची फार गरज असते. गावठी अंड्यास बाजारात कारखान्याच्या पांढऱ्या अंड्याहून अधिक भाव मिळतो, हे खरे. परंतु ह्याच कारणाने पुष्कळ घरांत ते बाजारात जाते, आणि त्याच्या पैशातून मुलासाठी बिस्किटांचा पुडा येतो. लूककृत शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायात प्रभू विचारतो की, मुलाने अंडे मागितले असता कोणता बाप त्यास विंचू देईल? आपल्यापैकी कोणी विंचू देत नाही. तरी अंडे हातचे घालवून त्याच्या जागी निःसत्त्व वस्तू देणारे आईबाप आपल्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत. हे कोणी दुष्टपणाने करीत नाही. विचार न केल्याने असे घडते. म्हणून विचार करावा. आठवड्याचा बाजार भरण्यापूर्वी घरच्या माणसांची अंडी वेगळी काढावी, आणि उरतील ती विकावी.

दुसरा वाटा कोंबडीचा. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात देवाने इस्राएलास असा नियम दिला की, वाटेत पाखराचे घरटे आढळले तर पिले घ्यावी, परंतु आईस सोडून द्यावे. देणाऱ्याचा नाश करून देणगी भोगू नये, हा त्याचा भाव. म्हणून जमलेल्या अंड्यांतून आठवड्याच्या आतील, बेताच्या आकाराची दहाबारा अंडी निवडून थंडीच्या दिवसांत कोंबडी रवणीस बसवावी. २१ दिवसांत पिले निघतात. पिलांस मानमोडीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर द्यावी. ह्या एका रोगाने गावच्या गाव कोंबड्यांवाचून ओस पडल्याचे कोणी पाहिले नाही? लस न देता देवाने कोंबड्या नेल्या असे म्हणणे, हे आपल्या आळसाचा दोष देवावर घालणे होय.

उरलेली अंडी राखण्याविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. अरण्यात ज्यांनी मान्ना उद्यासाठी साठविला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. आमच्या कोकणच्या उष्ण व दमट हवेत अंड्यांचेही तसेच होते. कोंबड्यांत कोंबडा असला म्हणजे अंडे बहुधा फळलेले असते, आणि सुमारे २१ अंशांहून अधिक उष्णतेत त्यातील जीव वाढू लागतो, पुढे मरतो, व अंडे लवकर नासते. म्हणून रवणीसाठी अंडी नको असतील तेव्हा कोंबडा दूर ठेवावा. मात्र तो दूर केल्यावरही दोनतीन आठवडे फळलेली अंडी निघू शकतात, हे ध्यानात असावे. अंडी धुऊन ठेवू नयेत, कारण कवचावरील नैसर्गिक लेप जातो. मळ असल्यास कोरड्या फडक्याने पुसावा. ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात, सावलीच्या जागी, जाड टोक वर करून ती ठेवावी. पाण्यात टाकून पाहावे : ताजे अंडे तळाशी आडवे पडते, जुने उभे राहते, फार जुने तरंगते. तरंगणारे टाकून द्यावे, आणि जे खावे ते पुरते शिजवून खावे.

आता विक्री. १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव ह्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. त्यापूर्वी मोठमोठ्या कोंबडीपालकांसही व्यापारी ठरवील त्या भावाने माल द्यावा लागे. ते एकत्र आले, तेव्हा भाव ठरविण्यात त्यांचा शब्द चालू लागला. मग आपल्या चारसहा कोंबड्यांच्या मालकिणींनी एकएकट्याने दारच्या व्यापाऱ्याशी घासाघीस का करावी? एका मंडळीतील पाचसात भगिनींनी अंडी एकत्र करून त्यांपैकी एकीने ती पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारास न्यावी, आणि ज्याचा त्याचा हिशेब चोख द्यावा.

येथे बंधूंस एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्हांस प्राप्त आहे. पहाटे खुराडे उघडणारी, कोंडा व कण्या घालणारी, मुंगूस व सापापासून पिले राखणारी घरची स्त्री असते. यिर्मया संदेष्टा आपल्या १७ व्या अध्यायात, अन्यायाने धन मिळविणारास, न घातलेल्या अंड्यांवर बसणाऱ्या तित्तिराची उपमा देतो. जो नवरा बायकोच्या अंड्यांचे पैसे हिसकावून दारूत किंवा तंबाखूत घालवितो, त्याने ते वचन उघडून वाचावे.

तिसरा वाटा शेजाऱ्याचा; आणि येथे आमच्या सांगण्याचा मुख्य भाग येतो. आपल्या गावांच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी, कातकरी बंधूंच्या वाड्या आहेत. त्यांतील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडी परततात. लावणी आटोपली की मजुरी थांबते, आणि नवे भात हाती यावयास अवकाश असतो. आषाढ-श्रावणात त्या घरांची चूल कशी पेटते, हे वाडीत जाणाऱ्यास सांगावयास नको. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली, आणि पुढे तीत लहान मुलांस आठवड्यातून ४ वेळा अंडे अथवा केळे देण्याचे ठरविले. लेकरास अंडे मिळाले पाहिजे, हे राज्यकर्त्यांसही पटले. मग ज्यांस प्रभूने मुलांस जवळ घेण्यास शिकविले, त्यांस ते पटू नये काय?

पाहा, प्रियहो, ज्या महिन्यात तुमचे अंडे बाजारात विकत नाही, त्याच महिन्यात वाडीतील लेकरू उपाशी असते. तुमच्या टोपलीतील भर आणि त्याच्या ताटातील उणीव एकाच वेळी येतात. ह्याला आम्ही योगायोग म्हणत नाही. लेवीयाच्या १९ व्या अध्यायात देवाने शेताच्या कडा न कापता गरिबासाठी व उपऱ्यासाठी सोडावयास सांगितले. ज्याचे शेत नाही, केवळ खुराडे आहे, त्याच्या खुराड्यासही कडा असली पाहिजे. मात्र देताना दोन गोष्टी सांभाळाव्या. घरी नकोसे झालेले जुने अंडे देऊ नये, ताजे द्यावे. आणि अंडे देऊन त्याच हाताने धर्माचा प्रश्न विचारू नये. प्रभूने पाच हजारांस वाढताना कोणाचा विश्वास तपासला नव्हता. तसेच, ज्या शेजाऱ्याचा श्रावण आहे त्याच्या दारी अंडे नेऊन त्याचे मन दुखवू नये. त्यास परसातील पडवळ किंवा भेंडी द्यावी. प्रीतीस भूक ओळखता येते, तशी दुसऱ्याची मर्यादाही ओळखता आली पाहिजे.

शेवटी देवाचा वाटा. तो शेवटी सांगितला तरी काढावयाचा मात्र प्रथम. पौलाने करिंथच्या मंडळीस आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूस ठेवावे असे लिहिले. मिझोराममधील ख्रिस्ती भगिनी १९१० च्या सुमारापासून, भात रांधताना, एक मूठ तांदूळ मंडळीसाठी वेगळा काढीत आल्या आहेत, आणि त्या मुठींनी तेथील मंडळीचे मोठे काम चालविले आहे. दूर कशास जावे? आपल्याच किनाऱ्यावरील बेने इस्राएल लोक तेलाचा धंदा करीत असता शनवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांस शनवार तेली म्हणत. एका दिवसाच्या मिळकतीवर पाणी सोडून त्यांनी आपला देव ह्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा ठेविला. आपल्या मंडळ्यांतील प्रत्येक घराने रविवारी घातलेली अंडी प्रभूची मानिली, तर कोणासही जड जाणार नाही; ज्याच्या घरी त्या दिवशी एकही मिळणार नाही, त्यास लाजही वाटणार नाही. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो तेव्हा चढाओढीने बोली लावून आपले नाव मिरवू नये. आणि तरंगणारे अंडे वेदीवर आणू नये. आंधळे व लंगडे पशू अर्पिणाऱ्यांस मलाखी संदेष्ट्याने काय ऐकविले, ते आठवावे.

प्रियहो, यरुशलेमेकडे पाहून प्रभू रडला, त्याच्या प्रीतीस त्याने कोंबडीची उपमा दिली. जी आपली पिले पंखांखाली एकवटते, तीच कोंबडी त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तुमच्या परसात ती रोज फिरते. सायंकाळी डालगे झाकताना तिच्या पंखांखालील पिले मोजा, आणि प्रभूच्या पंखांखाली आपण आहो ह्याविषयी त्याचे उपकार माना. मग घरात येऊन टोपली पाहा : तीत लेकराचे किती, वाडीतील भुकेल्याचे किती, प्रभूचे किती, हे त्याच्यासमोर ठरवा. ज्याने तुकडे वेचविले तो ह्या टोपलीचाही हिशेब मागेल, आणि विश्वासू आढळणाऱ्यास अधिक सोपवील.

त्याची कृपा तुम्हां सर्वांच्या घरांवर व अंगणांवर राहो. आमेन.