उसना विसावा

काम करायला माणसाला शिकवावे लागते. विसावा घ्यायला मात्र कोणी शिकवावे लागत नाही, असा आपला एक जुना समज आहे. माझाही होता. मागल्या वर्षी कोजागिरीनंतरच्या शनिवार-रविवारी तो समज जागचा हलला. आणि हलला तो अशा ठिकाणी, की जिथे माणसे केवळ विसाव्यासाठीच पैसे मोजून जातात.

माझा एक मित्र सांगलीला असतो. विलिंग्डन कॉलेजात आम्ही एका बाकावर बसत होतो. पुढे मी साताऱ्यात मास्तरकी पत्करली आणि तो वडिलांच्या हळदीच्या अडतीत शिरला. तो मला सातारकर म्हणतो, मी त्याला सांगलीकर म्हणतो. नावाने हाक मारल्याला आता कैक वर्षे झाली. त्याचा एके दिवशी फोन आला, "अरे, दोन दिवस कुठंतरी नुसतं पडून राहू या. देवदर्शन नाही, लग्न नाही, मयत नाही. नुसतं पडून!" आमच्या घरी मी हा बेत सांगितला तेव्हा सौ. म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मला इथंच बरं आहे." त्या वाक्याकडे मी त्या वेळी लक्ष दिले नाही.

कासचे पठार ओलांडून रस्ता बामणोलीकडे उतरू लागला, की खाली कोयनेचा जलाशय दिसतो. शिवसागर हे त्याचे नाव. त्याच्या काठी अलीकडे बरीच रिसॉर्टे झाली आहेत. आमचे त्यांतलेच एक, लहानसे आणि टुमदार : सहा खोल्या, कौलारू छपरे, दारापुढे केळीची बने, आणि पाण्याकडे तोंड करून मांडलेल्या आरामखुर्च्या. हिशेब इतकाच, की खुर्चीत बसावे आणि पाणी पाहावे.

विसाव्याची ठिकाणे आमच्या सातारा जिल्ह्याला नवी नाहीत. १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने महाबळेश्वरला आजारी आणि उन्हाने कावलेल्या गोऱ्या साहेबांसाठी वसाहत उभी केली. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी त्यासाठी जागा दिली, आणि पेठेला माल्कमपेठ हे नाव पडले. पुढे जॉन चेसन याने पाचगणी वसवली. महाबळेश्वरी तेव्हा एक तुरुंगही होता. समुद्रापलीकडून आणलेले चिनी कैदी तिथे ठेवीत, आणि तेच साहेबांच्या टेबलासाठी भाजीपाल्याचे मळे पिकवीत. म्हणजे थंड हवा साहेबाची, आणि कुदळ कैद्याची! विसाव्याचा हा जमाखर्च असा पहिल्यापासूनचा आहे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सांगलीकर बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "हे पाणी असं झोपलेलं मी प्रथमच पाहतो आहे."

त्याचे म्हणणे मला लगेच कळले. कोयना महाबळेश्वरी उगम पावते, दक्षिणेकडे वाहत जाते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिथून पुढे दोघींचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाखालून जाते. पावसाळ्यात सांगलीकर माणूस सकाळी उठून पंचांग पाहत नाही. कोयनेतून किती क्युसेक सोडले ते पाहतो. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला, तेव्हा माझ्या मित्राच्या घरात छातीइतके पाणी होते. पुराची कारणे पुष्कळ, आणि त्यांवर वादही पुष्कळ. पण ज्याची माजघरातली कपाटे तरंगली, त्याला पाण्याकडे निर्मळ डोळ्यांनी पाहणे सोपे नसते. तरी तो पाहत होता.

रात्री अकराच्या सुमारास मला चहाची हुक्की आली. आम्ही गप्पांत रमलो होतो, चंद्र डोंगरामागून नुकताच वर आला होता, आणि अशा वेळी चहा हवाच. मी हाक मारली. पलीकडच्या ओसरीवर, फरशीवर, पांघरूण डोक्यावरून घेऊन कोणी झोपले होते, ते उठले. पंधरा-सोळा वर्षांचा पोऱ्या होता. डोळे चोळीत त्याने विचारले, "साखर कमी का?" आणि तो स्वयंपाकघराकडे गेला. चहा उत्तम झाला होता. मला तो गोड लागला नाही.

कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी 'को जागर्ति?' म्हणजे 'कोण जागे आहे?' असे विचारीत फिरते, अशी आपली श्रद्धा. मसाल्याचे दूध पिऊन आपण त्या प्रश्नाला हौसेने 'मी, मी' म्हणतो. पण तोच प्रश्न वर्षातल्या इतर रात्री कोणी विचारला तर? मी झोपलो आहे तेव्हा कोण जागे आहे? माझ्या विसाव्यासाठी कोणाची झोप मोडते आहे?

सकाळी मावशींनी घावन आणि चटणी आणून ठेवली. साठीच्या बाई, हात सारखा चालू. सांगलीकराने सहज विचारले, "मावशी, गाव कुठलं?"

त्यांनी पाण्याकडे बोट केले. "हितंच. खाली."

आम्ही दोघेही गप्प झालो. त्या मात्र अगदी साधेपणाने सांगत होत्या. "मी लगीन होऊन आले तवा पाणीच व्हतं. पर सासूबाईंनी गाव बघितल्यालं. त्या मरंपातूर दारात बसून सांगायच्या, आपली चूल त्या तिथं व्हती, जोंधळ्याचं शेत त्या तिथं व्हतं. उन्हाळ्यात पाणी लई खाली गेलं की गाळपेर करायला मानसं उतरत्यात. सासूबाई न्हाई उतरल्या कवा."

१९६० नंतरच्या दोन-चार वर्षांत या खोऱ्यात पाणी चढत गेले आणि शंभराच्या आसपास गावांना त्याची झळ लागली. कोणी डोंगराच्या वरच्या अंगाला सरकले. कित्येकांना सातारा, सांगली, सोलापूर जिल्ह्यांत आणि कोकणात जमिनी दाखवण्यात आल्या. ते पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात शिरून पश्चिमेला उतरते आणि वीज देते. सारा प्रकल्प आज १९६० मेगावॉट क्षमतेचा आहे. जावळी-पाटणची माणसे मुंबईच्या बाजारांत माथाडी म्हणून ओझी वाहतात, आणि त्यांच्या गावांवरचे पाणी राज्यभर दिवे लावते. आमच्या खुर्च्या त्या गावांकडे तोंड करून मांडलेल्या होत्या.

मावशी आत गेल्यावर मी म्हणालो, "मला इथं आता बसवत नाही."

सांगलीकर व्यापारी माणूस. तो म्हणाला, "तू उठून गेलास म्हणून कुणाचं घर वर येणार आहे का? उलट तुझ्यासारखे इथं येईनासे झाले, तर हा पोऱ्या उद्या मुंबईला ओझी उचलायला जाईल. तू पैसे दिलेस, त्यांनी सेवा दिली. हिशेब पुरा झाला. तुझं हे दुःख म्हणजे दुसऱ्याच्या पैशानं केलेली चैनच आहे."

हे बोलणे मला झोंबले, कारण त्यात बरेच खरे होते. दुसऱ्याच्या कष्टाची आठवण काढून आपले सुख नासवायचे आणि तेवढ्याने आपण सज्जन ठरलो असे मानायचे, ही सुशिक्षितांची एक सोयीची सवय आहे. तिने मावशींची पाठ दुखायची थांबत नाही. पण हिशेब खरोखरच पुरा होतो का? पैशाने मी खोली घेतली, घावन घेतले. त्या पोऱ्याची मोडलेली झोपही घेतली. पण तिची किंमत दरपत्रकात कुठे होती?

ॲरिस्टॉटलने म्हटले आहे, की आपण काम करतो ते शेवटी निवांतपणासाठी. माणसाचे उत्तम जीवन निवांतपणातच फुलते. विचार मोठा आहे. पण त्याच्या अथेन्समध्ये हा निवांतपणा गुलामांच्या पाठीवर उभा होता, आणि काही माणसे जन्मतःच गुलामीसाठी असतात असेही त्याच तत्त्वज्ञाने लिहून ठेवले. ज्यूंच्या जुन्या धर्माज्ञेने मात्र विसाव्याचा दिवस सांगताना दास, दासी, गुरेढोरे आणि दारी आलेला परका या सर्वांना त्यात धरले. मला ही आज्ञा अधिक शहाणी वाटते. विसावा हा एकट्याने घेण्याचा पदार्थच नाही, हे तिने ओळखले होते.

आणि आपला रविवार? तो आकाशातून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे अनुयायी. (फुल्यांचे पूर्वज आमच्याच जिल्ह्यातल्या कटगुणचे.) मुंबईच्या गिरण्यांत माणसे दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राबत, आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी कामगाराला घरच्या देवाचे आणि समाजाचे काम करू द्या, असे लोखंड्यांनी मांडले. वर्षानुवर्षे सभा, अर्ज, विनवण्या केल्या, आणि १८९० साली गिरणीमालकांनी ती सुटी मान्य केली. म्हणजे आम्ही ज्या रविवारच्या उन्हात पाय पसरून बसलो होतो, तो रविवार कोणीतरी भांडून दुसऱ्यांसाठी मिळवलेला होता. आणि नेमक्या त्याच दिवशी मावशींना सर्वांत जास्त पाने वाढावी लागत होती.

मी हे सारे बोललो. मास्तर माणूस, बोलायला लागलो की थांबत नाही. सांगलीकराने ऐकून घेतले आणि भलतेच काही विचारले. "बेंदराच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे कशानं मळतात?"

"हळद आणि तूप."

"त्या हळदीवर आमच्या तीन पिढ्या जेवल्या. पण बेंदूर म्हणजे काय, ते मला एकोणीस सालच्या पुरात कळलं." मग त्याने मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. माडीवरून त्यांना बोटीत घेतले आणि तासगावकडच्या एका खेड्यात पोचवले. तिथल्या एका शेतकऱ्याने या अनोळखी माणसांना घरात घेतले. घरात खोली एकच धड. ती त्यांना दिली. "चार रात्री मी झोपलो नव्हतो. त्या बाईनं आपली वाकळ माझ्यावर घातली आणि स्वतः पडवीत गोणपाटावर पडली. सातारकर, तशी झोप मला जन्मात लागली नव्हती. सकाळी मी पैसे पुढं केले, तर ती नुसती हसली. आता तूच सांग, तो हिशेब मी कसा पुरा करायचा?"

म्हणजे 'हिशेब पुरा झाला' म्हणणाऱ्याचाच हिशेब पाच वर्षे उघडा होता.

बेंदराला आपला शेतकरी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाही. त्याचे खांदे मळतो, शिंगे रंगवतो, त्याला पुरणपोळी घालतो. स्वतःच्या विसाव्याचा सण त्याने केला नाही; ज्याच्या खांद्यावर आपला संसार चालतो, त्याच्या विसाव्याचा केला. दुसऱ्या दिवशी बैल पुन्हा औताला जातो, हेही खरे. एका दिवसाने बैलाचे दैव पालटत नाही. पण 'या खांद्यांना दुखते, आणि ते मला माहीत आहे' एवढी कबुली त्या एका दिवसात आहे. विसावा ही मजुरी नव्हे, पापही नव्हे. ती उसनवारी आहे, असे मला त्या सकाळी वाटले. कोणीतरी आपल्याला ती दिलेली असते. जिच्याकडून घेतली तिलाच ती फेडता येईल असे नाही. पण कोणाला तरी फेडावी लागते.

बाकीचे पाहुणे न्याहारी करून निघून गेले होते. सांगलीकर उठला, स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "मावशी, दुपारचा स्वयंपाक आज आमच्याकडं. पिठलं आम्ही करतो." त्या आधी हसल्या, मग रागावल्या, मग "पाव्हण्यांनी चुलीम्होरं बसायचं व्हय?" म्हणत दाराशी बसून सूचना देऊ लागल्या. पिठल्याच्या गुठळ्या झाल्या. भात मी करपवला. पोऱ्या हसून हसून बेजार झाला. जेवणे उरकल्यावर मावशी खांबाला टेकल्या, आणि बोलता बोलता त्यांचा डोळा लागला. तासभर आम्ही दोघे म्हातारे कुजबुजत बसलो. एक कावळा ओरडू लागला, त्याला सांगलीकराने खडा मारून उडवला. दोन दिवसांच्या मुक्कामातला सर्वांत निवांत तास तो होता.

त्याने काय झाले? फारसे काही नाही. निघताना मालकांपाशी विषय काढला. माणूस भला, म्हणाला, "मावशी कधी बोलल्याच नाहीत. शनिवार-रविवार जमणार नाही, पण बुधवारी कुणी नसतं, बघतो." पुढे तो बुधवार मावशींना मिळाला की नाही, मला माहीत नाही. पाणी होते तिथेच होते, आणि त्याखालची चूलही.

घरी आलो. सौ.ने चहा पुढे केला आणि विचारले, "झाली का विश्रांती?" तिचे ते 'मला इथंच बरं आहे' तेव्हा मला आठवले. चाळीस वर्षांत या बाईने एक शनिवार-रविवार नुसता पडून काढलेला मला आठवेना. जलाशयाखालची चूल पाहायला मी चाळीस किलोमीटर गेलो. घरातली चूल मात्र मला दिसली नव्हती.

दिवाळी आली. नरकचतुर्दशीला पहाटे साऱ्या घराच्या आधी उठून आमच्याकडे बंब तीच पेटवते. या खेपेला मी साडेतीनचा गजर लावला, मांजराच्या पावलांनी उठलो, बंबात ढलप्या घातल्या आणि फुंकत बसलो. आग काही धरेना. घरभर धूर झाला. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "सरा बाजूला. ढलप्या ओल्या आहेत." ती जागीच होती. चार दशकांची सवय एका गजराने मोडत नाही.

"तू झोप ना अजून," मी म्हणालो.

"झोप येत नाही," ती म्हणाली, आणि पदर खोचून माझ्या शेजारी बसली. पण या वेळी फुंकणी तिने माझ्याच हातात ठेवली, आणि भिंतीला पाठ लावून डोळे मिटले.