काटा आणि दगड

यंदाच्या दसऱ्याला वरणगावी अप्पांच्या बसची पूजा होती, म्हणून मी मुद्दाम गेलो होतो. दसऱ्याला आपण अवजारे आणि वाहने पुजतो. लक्ष्मीपूजनाला दुकानदार वह्यांबरोबर तराजूही पाटावर मांडतो. ज्याच्या जोरावर वर्ष निभावले त्याच्यापुढे एक दिवस हात जोडावे, हा त्यातला भाव. अप्पांनी झेंडूची माळ नेहमीप्रमाणे बसच्या कपाळावर बांधली. मग ते आत चढले, आणि हळदकुंकवाचे बोट त्यांनी वेग दाखवणाऱ्या मीटरच्या काचेला लावले. मी विचारले, "अप्पा, हे कधीपासून?" तर म्हणाले, "याची नाही, मास्तर, माझीच पूजा चुकली होती. ती फेडून राह्यलो."

त्या एका वाक्यामागे मोठी हकीगत आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर ती सांगण्यासारखी आहे, असे मला वाटते.

वरणगावचा दारूगोळा कारखाना १९६४ सालचा. बंदुकांची काडतुसे तिथे बनतात. अप्पांची सारी नोकरी त्या कारखान्यात, तीही तपासणीत गेली. काडतूस मापात आहे की नाही हे गेज लावून पाहायचे, आणि ठरलेल्या मुदतीने ते गेजसुद्धा मूळ गेजाशी ताडून पाहायचे. मापणाऱ्याचेही माप घ्यायचे, ही त्यांच्या धंद्यातली पहिली शिकवण. निवृत्त झाल्यावर अप्पांनी दिंडीचा संसार अंगावर घेतला. वरणगावापासून जवळच मुक्ताईनगर. तिथून संत मुक्ताबाईंची पालखी ज्येष्ठात निघते आणि महिन्याहून अधिक काळ पायी चालून आषाढीला पंढरपूर गाठते. गावातली काही मंडळी या पालखीबरोबर जातात. त्यांचे सामान वाहायला अप्पांनी लिलावात निघालेली एक जुनी प्रवासी बस घेतली. अर्धी बाके काढून तिथे पातेली, शेगड्या, पाण्याची पिंपे आणि तंबूचे बांबू यांची जागा केली. उरलेल्या बाकांवर थकल्याभागल्यांची सोय. ओझे वाढले म्हणून टायर जरा मोठ्या मापाचे घातले. मागचा आस मोडला तेव्हा भंगारातून दुसऱ्या गाडीचा आणून बसवला. गाडी छान चालू लागली. फक्त मीटरचा काटा मागे राहू लागला.

जुन्या ड्रायव्हरच्या हे ध्यानात आले होते. तो म्हणायचा, "अप्पा, काटा खोटं नाही बोलून राह्यला, जरा कमी बोलून राह्यला. मी मनातल्या मनात दहा मिळवून घेतो." अप्पा हसत, आणि गोष्ट तिथेच राही. तशी ती कोणाला जाचतही नव्हती. वारीत गाडी दिंडीच्या पुढे जाऊन मुक्कामी उभी राहायची, आणि माणसाच्या पावलाने चालताना तर कोणत्याही बसचा काटा शून्यावरून फारसा उठत नाही.

मग एका वर्षी परतीच्या वेळी ड्रायव्हरला ताप भरला. अप्पांच्या पुतण्याने गाडी हाती घेतली. मुलगा शहाणा. निघताना अप्पांनी बजावले, "म्हातारी माणसं आहेत. पन्नासच्या वर जायचं नाही." तो गेला नाही. बीड सोडून जालन्याकडे येताना तिन्हीसांजेला समोर एक ट्रॅक्टर-ट्रॉली उभी दिसली, मागे दिवा नसलेली. पुतण्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण ट्रॉलीपासून हातभर अंतरावर. मागची पातेली आणि माणसे एकदम पुढे आली. एका आजीचे मनगट मोडले. आजी म्हणाली, "पांडुरंगानं वाचवलं." पुतण्या रडकुंडीला येऊन पुन्हापुन्हा सांगत होता, "काका, मी पन्नासच्या वर गेलोच नाही हो!"

आणि तो खरेच सांगत होता. काटा पन्नासवर होता. गाडी साठने चालली होती.

पन्नास आणि साठ यांत फरक दहाचा दिसतो; रस्त्यावर तो तेवढा नसतो. ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग एक पंचमांशाने वाढला की हे अंतर जवळजवळ दीडपट होते. पुतण्याने पन्नासच्या हिशेबाने जेवढी वाट मोकळी ठेवली, तेवढी साठला पुरणार कशी?

इथे माझ्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो गाडीचा नव्हता. दोष कोणाचा? ट्रॉलीवाल्याचा होताच, तो सोडून देऊ. पुतण्या खोटे बोलला नाही. ड्रायव्हरनेही काही लपवले नव्हते. तो तर सगळ्यांना हसत सांगत असे. काटा बिचारा निर्जीव. म्हणजे कोणीही खोटे बोललेले नाही, आणि तरीही एक असत्य त्या गाडीत बसून पंढरपूरपर्यंत जाऊन आले होते. आपण 'सच्चा माणूस' आणि 'सत्य' हे दोन्ही एकच धरतो. ते एक नव्हे. सच्चेपणा माणसाच्या मनात असतो. सत्य मनाच्या बाहेर, रस्त्यावर असते.

महाभारतातला प्रसंग आठवा. अश्वत्थामा मेला, असे धर्मराज मोठ्याने म्हणाला आणि हत्तीचा उल्लेख पुटपुटला. शब्दाने पाहिले तर तो खरे बोलला. त्या नावाचा हत्ती मेला होताच. पण मन खोटे होते. तोवर जमिनीच्या चार बोटे वरून चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला. आमच्या पुतण्याचे नेमके उलटे. शब्द खोटा, मन निर्मळ. त्याचा रथ खाली येण्याचे कारण नाही, असे आपण म्हणू. पण मनगट मोडलेच. निर्मळ मनाने सांगितलेल्या चुकीच्या आकड्यालाही रस्ता माफ करीत नाही. म्हणूनच मन निर्मळ ठेवण्याइतकेच माप निर्मळ ठेवणे हे कर्तव्य आहे; आणि ते कर्तव्य ज्याला चूक ठाऊक आहे त्याचे सर्वांत आधी.

ड्रायव्हरचे 'मनातल्या मनात दहा' हा खरा रोग होता. ते दहा फक्त त्याच्या मनात होते. त्याला ताप आला, तो घरी गेला, ते दहाही त्याच्याबरोबर घरी गेले. मागे राहिला तो नुसता काटा. चुकीशी ज्याने जुळवून घेतले त्याला ती बाधत नाही. ती बाधते त्याच्या जागी येऊन बसणाऱ्याला. घरातही असेच चालते. 'तात्या रागावतात, पण मनात काही नसतं,' हे जुन्या सुनेला माहीत असते, नव्या सुनेला कोण सांगणार? तिला फक्त आवाज ऐकू येतो.

अप्पांना झोप येईना. आयुष्यभर काडतुसांचे माप ताडले आणि आपल्याच गाडीतला काटा तसाच सोडला, हे त्यांना डाचत होते. एका सकाळी त्यांनी मला घड्याळ घेऊन बसमध्ये बसवले. वरणगावातून जाणारा महामार्ग आता चौपदरी झाला आहे. पूर्वी तो सहा क्रमांकाचा होता, आता त्रेपन्न. कडेला दर किलोमीटरला दगड. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, मैल केव्हाच गेले, पण आमच्याकडचे जुने लोक त्याला अजून मैलाचा दगडच म्हणतात. हिशेब साधा: एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागले ते पाहायचे आणि ३६०० ला त्या आकड्याने भागायचे. ७२ सेकंद लागले तर वेग पन्नास, ६० लागले तर साठ. ड्रायव्हरने काटा पन्नासवर धरला. मी मोजले. बरोबर साठ सेकंद.

अप्पांनी आणखी एक केले. दहा दगड ओलांडेपर्यंत अंतराचे आकडे पाहिले. ते नऊच किलोमीटरने सरकले होते. "म्हणजे चुका दोन आहेत," अप्पा म्हणाले. मला कळेना. मग भुसावळच्या मिस्त्रीने मीटर उघडून दाखवले.

गिअरबॉक्सपासून एक लवचिक केबल मीटरपर्यंत येते. तिच्या टोकाशी एक लोहचुंबक फिरतो. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची हलकी वाटी असते; चुंबक तिला शिवत नाही, पण तो फिरला की वाटीच्या धातूत भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह उठतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते तिथे काटा थांबतो. ओटो शुल्झे याने १९०२ साली बर्लिनमध्ये या युक्तीचे पेटंट घेतले, आणि शंभरावर वर्षे जगभरच्या गाड्या तिच्यावर चालल्या. अंतराचे आकडे मात्र त्याच केबलवरून नुसत्या दातेरी चाकांनी फिरतात. तिथे चुंबक नाही, स्प्रिंग नाही, केवळ मोजणी. आकडे दहात एक मागे, याचा अर्थ मोठा टायर आणि बदललेला आस यांमुळे केबलच कमी फिरते. तेवढ्यानेच चूक झाली असती तर साठला काट्याने चोपन्न दाखवले असते. वरचे चार खाल्ले ते वयाने बळ उतरलेल्या चुंबकाने.

मला यात सर्वांत नवल वाटले ते असे की काटा रस्ता पाहतच नाही. आतला एक दांडा किती फिरला एवढेच त्याला कळते. बाकी सारे त्याने गृहीत धरलेले: टायरचा घेर इतका, आसाचे दाते तितके. पुढे टायर बदलतो, आस बदलतो. गृहीत धरलेले तसेच राहते. आपणही मुलगा चौदा वर्षांचा असताना त्याच्यासाठी एक माप बसवतो, आणि तो चाळिशीला आला तरी त्याच मापाने त्याला जोखतो. काटा हलत असतो, म्हणून तो बरोबरच असेल, असे आपल्याला वाटते. बंद पडलेल्या काट्यापेक्षा हलणारा चुकीचा काटा अधिक घातकी, कारण त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. तो तपासायला गाडीबाहेरचाच दगड लागतो.

मिस्त्रीने आधी स्वस्तातले दोन उपाय सुचवले. काचेवर चिठ्ठी चिकटवायची: 'पन्नास म्हणजे साठ.' अप्पा म्हणाले, "रात्री ती वाचणार कोण?" दुसरा उपाय, काटा उपसून दहा घरे पुढे बसवायचा. तेव्हा अप्पा पोटभर हसले. "म्हणजे गाडी दारात उभी असली तरी दहाने पळणार!" चूक पटीची, आणि उपाय बेरजेचा, तो एका वेगाला जुळतो आणि बाकी सगळीकडे नवी चूक करतो. आपले पुष्कळसे प्रायश्चित्त याच जातीचे असते. वर्षभर नोकराला कमी द्यायचे आणि दिवाळीला एकदम मिठाईचा पुडा! शेवटी खरा उपाय झाला. केबलच्या वाटेत प्रमाण साधणारी छोटी दातेरी पेटी बसली, चुंबकाला पुन्हा बळ दिले, स्प्रिंग जुळवली.

जुळवताना मिस्त्रीने विचारले, "साहेब, दोन-तीन जास्तच दाखवू देऊ का?" आणि इथे आमचा वाद जुंपला. मी म्हणालो, खरे म्हणजे खरे. मुद्दाम जास्त दाखवणे हेही असत्यच. घड्याळ पाच मिनिटे पुढे ठेवणाऱ्यांची फजिती आपण पाहतोच; आठ दिवसांत ती पाच मिनिटे मनातल्या मनात वजा होऊ लागतात, आणि गाडी चुकायची ती चुकतेच. अप्पा म्हणाले, "पण मास्तर, बिनचूक गेज मी छत्तीस वर्षांत पाहिलं नाही. चूक राहणारच. प्रश्न एवढाच, की ती कोणाच्या पदरात टाकायची."

पुढे मला कळले की वेगमापकांचा आंतरराष्ट्रीय नियमही हेच सांगतो. काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त दाखवला तर ठराविक मर्यादेपर्यंत, म्हणजे खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ताशी चार किलोमीटर इथपर्यंत, चालेल. काटा बिनचूक असलाच पाहिजे असा हट्ट तो धरीत नाही. चुकीची दिशा तेवढी ठरवून देतो. आपला जुना धान्यवालाही पायली भरताना वर शीग चढवी. मापाच्या कडेवर नेमके किती दाणे राहतील याची खात्री त्याला नव्हती. म्हणून जे काही चुकेल ते आपल्या पदरचे जावे, गिऱ्हाइकाचे जाऊ नये, एवढी खबरदारी तो घेई. घड्याळ पुढे ठेवणारा स्वतःला फसवतो, कारण चूक किती हे त्याला नेमके ठाऊक असते. शीग चढवणारा कोणाला फसवीत नाही. आपल्याला पुरते कळत नाही, हे तो कबूल करतो. दोन्हींत वरवर सारखेपणा असला तरी आतून जमीनअस्मानाचे अंतर आहे. मी वाद सोडला.

काटा आता साठला एकसष्ट दाखवतो. दसऱ्याची पूजा आटोपल्यावर प्रसाद घ्यायला ती आजीही आली होती. मनगट जुळले आहे, पण पोळी लाटताना अजून दुखते, म्हणाली. अप्पांनी तिला बसमध्ये नेऊन नवा काटा दाखवला, सारे समजावून सांगितले. तिने काचेवरचे कुंकू पाहिले, आपणही एक बोट लावले, आणि विचारले, "पण अप्पा, हे तुम्हाला आधी माहीत होतं ना?"

अप्पा "हो" म्हणाले. तेवढेच म्हणाले.