कुंभारणीचे घर

भ्रमरकीटन्याय आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. भ्रमरी अळीला मातीच्या घरात कोंडते, तिच्याभोवती गुणगुणत राहते, आणि त्या ध्यासाने अळीच भ्रमरी होऊन बाहेर पडते. तद्वत् साधक ईश्वराच्या चिंतनाने ईश्वररूप होतो. कीर्तनात हा दृष्टान्त ऐकून ज्याची मान डोलली नाही असा मराठी मनुष्य विरळाच.

आता हे घर फोडून पाहिले तर काय दिसते? कुंभारीण माशी अळ्यांना नांगी मारून लुळे करते, जिवे मारीत नाही. कारण मेलेले अन्न नासते. घरात एक अंडे घालून ती दार लिंपते व निघून जाते. अंड्यातून निघालेले पिल्लू त्या जिवंत अळ्या खाऊन वाढते. अळी आत गेली आणि माशी बाहेर आली, हे पूर्वजांचे निरीक्षण अचूक होते. मधले प्रकरण तेवढे त्यांना दिसले नाही. येथे म्हैसुरास आमचे कन्नड शेजारी गांधीलमाशीला ‘कणजद हुळु’ म्हणतात, आणि ‘कणज’ म्हणजे धान्याचे कोठारही. कुंभारणीच्या घराला हा शब्द किती चपखल बसतो!

‘गांधीलमाशी’ या एका नावाखाली आपण किती भिन्न जीव कोंबतो पाहा. वस्तुतः यांपैकी एकही माशी नव्हे. माशीला पंख दोन, यांना चार. कुंभारीण सुबक ओठाचे मडके घडविते व त्यात अळ्या भरते. दोऱ्यासारख्या कमरेची दुसरी एक चिखलाच्या नळ्या शेजारी शेजारी लिंपून त्यांत कोळी साठविते. हिरवीगार, रत्नासारखी चमकणारी तिसरी झुरळाच्या मेंदूत नांगी मारून, वेसण धरलेल्या बैलाप्रमाणे त्याला मिशीला धरून बिळात नेते. या साऱ्या एकएकट्या राहतात व माणसाला सहसा डसत नाहीत. डसते ती मुख्यतः लाकडाचा भुसा चावून कागदी पोळे बांधणारी, समूहात राहणारी जात. तीही बहुधा पोळ्याच्या रक्षणासाठी. तिच्यातील एका जातीचा, रोपॅलिडिया मार्जिनाटाचा, अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशके केला. तिची राणी कोणावर दांडगाई न करता राणीपद सांभाळते असे आढळले. आणि उंबर फोडल्यावर दिसणारे चिलट हेही याच कुळातले. त्याच्यावाचून उंबराला बी धरत नाही. एकीच्या दंशाबद्दल दुसरीचे घर झाडूने पाडणे हा, सौम्य शब्दांत, अविचार होय. परप्रांतात साऱ्या ‘तिकडच्या’ लोकांना एका नावाने ओळखण्याची आणि तसेच ओळखले जाण्याची सवय असलेल्या आम्हा बदलीवाल्यांना हे अधिक सांगणे न लगे.

पण कुंभारीण तरी क्रूर नव्हे काय? जिवंत सुरवंटांच्या देहात पिल्ले वाढविणाऱ्या तिच्या दूरच्या आप्तांना पाहून डार्विननेही 1860 साली एसा ग्रे यांना लिहिले होते की, दयाळू व सर्वशक्तिमान परमेश्वराने हे हेतुपुरस्सर निर्मिले असे मला पटत नाही. आमच्या मते क्रौर्याचा आरोप तेथेच लागू पडतो, जेथे वेगळे वागण्याची मोकळीक असते. कुंभारणीला ती नाही. झाडू उचलणाऱ्याला आहे.

मग दृष्टान्ताचे काय? दृष्टान्त हे प्रमाण नव्हे. ध्यासाने मनुष्य पालटतो, हे मनुष्याच्याच अनुभवावर उभे आहे; त्याला कीटकाची साक्ष लागत नाही. म्हणून दृष्टान्त खोटा ठरला तरी सिद्धान्त पडत नाही. मात्र मधले प्रकरण कळल्यावर त्यात एका प्रश्नाची भर पडते. गुरू, पक्ष, खाते वा वरिष्ठ यांच्या गुणगुणण्यात आपण स्वतःला कोंडून घेतो, तेव्हा आपले रूपांतर होत असते की आपण कोणाची तरी शिदोरी होत असतो? बाहेरून दोन्ही घरे सारखीच दिसतात. कोंडलेल्या अळीला हा प्रश्न विचारता येत नाही. आपल्याला येतो, आणि तो दार लिंपले जाण्यापूर्वी विचारणे हे श्रद्धेला बाधक नसून तिचे पहिले कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.