दाखवणे आणि सांगणे

ज्याला मैफिली मिळतात तो वाजवतो, ज्याला मिळत नाहीत तो विद्यापीठात शिकवतो, असा एक समज पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या जगात घट्ट रुजलेला आहे. आपल्याकडेही तो अनोळखी नाही. अमेरिकी पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचे आयुष्य वरवर पाहणाऱ्याला या समजाचा पुरावाच वाटेल. मला मात्र त्यात या समजाचे सर्वांत भक्कम खंडन दिसते.

फ्लायशर १९२८ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मले आणि वयाच्या नवव्या वर्षी आर्टुर श्नाबेल यांच्याकडे शिकायला लागले. श्नाबेल लेशेटिट्स्कींचे शिष्य, लेशेटिट्स्की चेर्नींचे आणि चेर्नी खुद्द बीथोव्हनचे. घराणी मानणाऱ्या मराठी रसिकाला या परंपरेचे मोल वेगळे सांगायला नको. १९५२मध्ये फ्लायशर यांनी ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकली. जॉर्ज सेल आणि क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रा यांच्या साथीने त्यांनी ध्वनिमुद्रित केलेले बीथोव्हन आणि ब्राम्सचे कॉन्चेर्टो आजही जाणकार आवर्जून ऐकतात. आणि १९६०च्या दशकाच्या मध्यावर, ऐन भरात, त्यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप तळहाताकडे वळू लागली. हा फोकल डिस्टोनिया होता. यात स्नायू धडधाकट असतात, पण त्यांना हुकूम देणारी मेंदूतली यंत्रणा चुकते. त्याचे नीट निदान व्हायलाही बरीच वर्षे गेली.

इथे एक तारीख लक्षात घ्यायला हवी. बाल्टिमोरच्या पीबडी संस्थेत ते शिकवू लागले १९५९मध्ये, म्हणजे हात पूर्ण शाबूत असताना. ही संस्था पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा भाग झाली. तेव्हा मैफल हुकली म्हणून ते वर्गात आले, असे म्हणायला जागाच नाही. आजाराने बदलली ती त्यांची शिकवण्याची रीत. पूर्वी विद्यार्थी अडला की त्याला बाजूला सारून स्वतः वाजवून दाखवता येत असे. आता ती वाट बंद झाली. हा स्वर आधीच्यापेक्षा हलका का, या दोन स्वरांमध्ये किती थांबायचे आणि का थांबायचे, हे शब्दांत सांगणे भाग पडले. आपण त्यामुळे अधिक चांगले शिक्षक झालो, असे ते स्वतःच मानत.

त्यांची एक शिकवण तर फार नेमकी होती. वाजवणाऱ्याच्या अंगी एकाच वेळी तीन माणसे असली पाहिजेत. पहिला माणूस स्वर वाजण्याआधीच तो कसा हवा हे मनात ऐकतो. दुसरा प्रत्यक्ष वाजवतो. तिसरा थोडा दूर बसून निघालेला स्वर ऐकतो आणि कुठे कमी पडले ते पहिल्याला कळवतो. नुसते वाजवून दाखवले तर विद्यार्थ्यातला दुसरा माणूस तयार होतो. पहिला आणि तिसरा घडवायचा, तर कारणांची चर्चा करावी लागते.

संगीत कानानेच शिकायचे असते, शब्दांनी नव्हे, हा आक्षेप खोटा नाही. सुरुवातीला अनुकरणावाचून गत्यंतर नाही. पण अनुकरणाने मिळते ते गुरूचे उत्तर, गुरूच्या हाताच्या मापाचे. आंद्रे वॉट्स, येफिम ब्रॉन्फमन आणि जोनाथन बिस हे तिघेही फ्लायशर यांच्याकडे शिकले, आणि तिघांचे वादन एकमेकांसारखे नाही. गुरूची छाप नव्हे, तर गुरूची विचारपद्धती पोहोचली की असे होते.

या कहाणीतून दुःखाचे गोडवे गाण्याचा मोह मात्र टाळायला हवा. हात गेल्यावर फ्लायशर इतके खचले, की आत्महत्येचा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला. वाजवणे सोडून देण्यात त्यांना कसलेच समाधान नव्हते. ते ऑर्केस्ट्राचे संचालन करू लागले आणि केवळ डाव्या हाताच्या रचनांकडे वळले. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पाउल विट्गेनश्टाइनसाठी राव्हेलने लिहिलेला कॉन्चेर्टो त्यांपैकी एक. अशा वादनात अंगठ्याला वरची धून पेलावी लागते, त्याच हाताच्या बाकीच्या बोटांना खालच्या सुरांचा पाया सांभाळावा लागतो, आणि हात दुसरीकडे झेपावताना मागचा सूर पेडलने धरून ठेवावा लागतो. पुढे १९९०च्या दशकात बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी आखडलेले स्नायू सैल झाले आणि २००४मध्ये त्यांचा ‘टू हँड्स’ हा ध्वनिसंग्रह आला.

माझ्या युक्तिवादाचा खरा आधार त्यानंतरच्या काळात आहे. उजवा हात परतला तरी त्यांनी वर्ग सोडला नाही. २०२०मध्ये, ९२व्या वर्षी निधन होईपर्यंत ते शिकवत राहिले. शिकवणे ही नुसती तडजोड असती, तर तिची गरज केव्हाच संपली होती. म्हणून संगीत विभागात कलावंताची नेमणूक करताना त्याच्या मैफिली जरूर मोजाव्यात, पण तेवढ्यावर थांबू नये. आपण जे वाजवतो ते तसेच का वाजवतो, हे त्याला दुसऱ्याला पटवून देता येते का, हेही विचारावे. ते ज्याला जमते, त्याचे वर्गातले काम मैफिलीइतकेच सर्जनशील असते, आणि त्याला तोच मान मिळायला हवा.